नाशिकची रेल्वे, खोडदची दुर्बीण आणि न मांडलेला खर्च

पुणे–नाशिक रेल्वे नारायणगावमार्गे नेता येणार नाही, कारण वाटेत खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण येते, असं रेल्वे मंत्रालयाने सांगितल्यापासून नाशिक, सिन्नर, संगमनेर, जुन्नर या सगळ्या पट्ट्यात एकच प्रश्न विचारला जातो आहे: एका दुर्बिणीपायी आम्ही आमची रेल्वे का सोडायची? प्रश्न रास्त आहे. त्याला 'विज्ञानासाठी एवढा त्याग करा' हे उत्तर पुरेसं नाही आणि 'दुर्बीणच दुसरीकडे हलवा' हे उत्तर तर चुकीचंच आहे. माझं मत असं की दुर्बिणीभोवतीची रेडिओ शांतता, म्हणजे माणसाच्या यंत्रांमधून निघणाऱ्या रेडिओ लहरींपासूनची मोकळीक, टिकलीच पाहिजे. पण ती टिकवण्यासाठी जो जादा खर्च येईल, मग तो लांबलेल्या मार्गाचा असो की बोगद्याचा, तो देशाच्या विज्ञानखर्चात उघडपणे दाखवला पाहिजे. आज तो विज्ञानाच्या कुठल्याच वहीत नाही. म्हणून तो नाशिककरांच्या माथी आपोआप येऊन पडतो.

नाशिककरांचं काय पणाला लागलं आहे ते आधी नीट बघू. मूळ आराखडा सुमारे २३५ किलोमीटरचा, सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, राजगुरुनगर, चाकण असा सरळ. वेग ताशी २०० किलोमीटर, खर्चाचा अंदाज १६ हजार कोटींच्या घरात. आज नाशिकहून पुण्याला रेल्वेने जायचं तर कल्याणला वळसा घाला, नाही तर मनमाड–दौंडचा. रस्त्याने निघालं तर चाकणच्या कोंडीत किती वेळ जाईल याचा नेम नाही. सातपूर-अंबडचे कारखाने चाकणच्या वाहन उद्योगाशी बांधलेले आहेत, द्राक्ष आणि टोमॅटोचा सगळा पट्टा याच रस्त्यावर. नवा मार्ग शिर्डी-अहिल्यानगरच्या बाजूने वळवला तर अंतर वाढतं आणि संगमनेर-जुन्नर कायमचे बाजूला पडतात. नुकसान खरं आहे. ते नाकारून विज्ञानाची बाजू मांडता येत नाही.

आता खोडदला काय आहे ते. नारायणगावच्या पूर्वेला, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यातल्या १४ साधारण एक किलोमीटरच्या आत गोळा केलेल्या, उरलेल्या १६ तीन फाट्यांवर इंग्रजी वाय अक्षरासारख्या पसरलेल्या. टोकापासून टोकापर्यंत सुमारे २५ किलोमीटर. या सगळ्या मिळून एकच दुर्बीण होते. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती नव्वदच्या दशकात उभी राहिली. तिच्या तबकडीला पत्रा नाही, अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी आहे. मधोमध जाळीची वीण १० मिलिमीटरची, कडेला २० मिलिमीटरची. वारा जाळीतून निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्च आटोक्यात राहिला. रेडिओ लहरींची लांबी विणीपेक्षा कितीतरी मोठी असल्याने त्यांना मात्र ही जाळी अखंड आरशासारखीच. जागा नारायणगावची का निवडली, याचीही कारणं आहेत: आजूबाजूचे डोंगर शहरांचा रेडिओ गोंगाट अडवतात, अक्षांश असा की आकाशगंगेच्या केंद्रासह दक्षिणेचंही बरंच आकाश दिसतं, आणि पुणे जवळ. ३० तबकड्या, त्यांच्यामधलं ऑप्टिकल फायबरचं जाळं आणि ही डोंगरांची आडोशाची रचना हे सगळं उचलून दुसरीकडे नेणं म्हणजे नवी दुर्बीण बांधणं.

तिथे येणारे संकेत किती क्षीण असतात, हे आकड्यातच कळतं. रेडिओ खगोलशास्त्राचं मोजमाप जान्स्की. एक जान्स्की म्हणजे दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला, दहाचा उणे सव्वीसावा घात इतके वॅट. एक वॅट शक्तीचा मोबाइल चंद्रावर नेऊन चालू केला आणि त्याचा संकेत २०० किलोहर्ट्झमध्ये पसरला, तर पृथ्वीवर तो साधारण अडीचशे जान्स्कीचा भरेल. आकाशातल्या अगदी प्रखर रेडिओ स्रोतांच्या पंगतीत तो जाऊन बसेल. खोडदला काम चालतं ते जान्स्कीच्या हजाराव्या आणि दशलक्षाव्या भागात. चंद्रावरचा मोबाइल एवढा भारी, मग तबकड्यांमधून धावणाऱ्या गाडीतले शेकडो मोबाइल काय करतील याचा हिशेब अवघड नाही.

मोबाइल ही तरी त्यातली सोपी गोष्ट, कारण त्याची वारंवारता ठाऊक असते. गाडीचा खरा त्रास वेगळा आहे. २५ हजार व्होल्टच्या तारेवरून पेंटोग्राफ, म्हणजे गाडीच्या टपावरचा वीज घेणारा सांगाडा, घासत जातो. वेग वाढला, तार थोडी उसळली, की तार आणि पेंटोग्राफ यांच्यात क्षणभर फट पडते आणि ठिणगी उडते. ठिणगी एका वारंवारतेवर बोलत नाही. तिचा गोंगाट काही दहा मेगाहर्ट्झपासून शेकडो मेगाहर्ट्झपर्यंत एकदम पसरतो, म्हणजे गाळून टाकायला ठराविक पट्टाच सापडत नाही. न्यूट्रल सेक्शनला, जिथे एका उपकेंद्राचा पुरवठा संपून दुसऱ्याचा सुरू होतो, तिथेही ठिणगीचा धोका. हे खोडदला नवीन नाही. गावातल्या विजेच्या खांबावरचा सैल नटबोल्ट किंवा तडकलेला इन्सुलेटरही असाच ठिणगतो आणि खालच्या वारंवारतांवर निरीक्षण बिघडवतो. फरक इतकाच की सैल बोल्ट लाइनमन येऊन आवळू शकतो. दर अर्ध्या तासाला जाणारी गाडी आवळून बंद करता येत नाही.

दुसरी अडचण वारंवारतांच्या वाटपाची. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये रेल्वेला सिग्नल आणि सुरक्षा यंत्रणेच्या संपर्कासाठी ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले ५ मेगाहर्ट्झ दिले. जीएमआरटी ज्या पट्ट्यांत लहरी टिपते त्यांतला एक ५५० ते ८५० मेगाहर्ट्झचा आहे. हा योगायोग महागात पडणारा आहे, कारण याच पट्ट्यात दुर्बिणीचं सर्वांत नावाजलेलं काम झालं. हायड्रोजनचा अणू १४२० मेगाहर्ट्झला लहर सोडतो. दीर्घिका जितकी दूर, तितकी विश्वाच्या प्रसरणामुळे ती लहर ताणली जाते आणि वारंवारता खाली येते. २०२० मध्ये खोडदच्या निरीक्षणांतून सात हजारांहून अधिक दीर्घिकांचे संकेत एकत्र करून आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या हायड्रोजनची सरासरी लहर टिपली गेली. २०२३ मध्ये एका एकट्या दीर्घिकेचा हायड्रोजन दिसला, त्याची वारंवारता ताणून सुमारे ६२० मेगाहर्ट्झवर आली होती. ७०० मेगाहर्ट्झच्या आसपास काय असतं? त्याच आठ अब्ज वर्षांपूर्वीचा हायड्रोजन. मोबाइल सेवाही या पट्ट्यात आली आहे, आता रेल्वेची भर पडली तर विश्वाच्या इतिहासातला तेवढा काळ खोडदहून वाचताच येणार नाही.

मग रेल्वे थोडी लांबून नेली तर? मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की गोंगाट चौथाई होतो, दहापट केलं की शंभरावा भाग उरतो. कमी करायचा आहे तो लाखो पटींनी. दोन-चार किलोमीटर सरकून भागत नाही, आणि तबकड्याच २५ किलोमीटरवर पसरलेल्या असल्याने एकीपासून दूर गेलं की दुसरी जवळ येते. खरा बचाव डोंगराचा किंवा बोगद्याचा. त्या टप्प्यात रूळ खोल चरातून किंवा वरून झाकलेल्या बोगद्यातून नेता येतात. त्यात खर्च भरमसाट वाढतो आणि तोंडाशी गळती होतेच. त्या टप्प्यापुरती बॅटरीवर गाडी चालवता येईल. पण २०० च्या वेगाला लागणाऱ्या बॅटरीचं वजन मोठं, शिवाय इन्व्हर्टरचा स्वतःचा गोंगाट असतोच. तारेऐवजी ताठ कंडक्टर पट्टी लावली तर ठिणग्या कमी होतात, संपत नाहीत. डब्यातल्या मोबाइलना तर बॅटरीने किंवा पट्टीने आळा बसत नाही. यांतला प्रत्येक उपाय मोजून बघण्यासारखा आहे आणि प्रत्येकाला किंमत आहे. कदाचित सगळं मोजल्यावर वळणाचा मार्गच स्वस्त ठरेल. पण ते मोजमाप लोकांसमोर ठेवून ठरावं.

इथे नाशिकची बाजू दुबळी नाही, आणि हे आपणच विसरतो. भारतीय रेल्वेची विद्युत अभियंत्यांची प्रशिक्षण संस्था, इरीन, नाशिकरोडला आहे. रेल्वे इंजिनांच्या ट्रॅक्शन मोटारी दुरुस्त करणारा कारखाना नाशिकरोडलाच. सातपूर-अंबडमध्ये स्विचगिअर, म्हणजे वीजप्रवाह जोडणारी-तोडणारी उपकरणं, बनवणारे, ठिणगी कशी उडते आणि कशी विझवायची यात हयात घालवलेले अभियंते आहेत. पेंटोग्राफच्या ठिणगीचा आणि रेडिओ गोंगाटाचा अहवाल वाचून त्यातली खोट काढू शकतील अशी माणसं जितकी नाशिकमध्ये आहेत तितकी महाराष्ट्रात फार थोड्या गावांत असतील. त्यांच्यासमोर तांत्रिक अहवाल ठेवा: कुठल्या तबकडीपाशी, कुठल्या वारंवारतेला, किती डेसिबलची वाढ अपेक्षित आहे, आणि आज धावणाऱ्या विजेवरच्या गाड्यांजवळ प्रत्यक्ष मोजलं तेव्हा किती आली. 'तज्ज्ञांचा आक्षेप आहे' एवढ्या एका वाक्यावर एवढे तालुके गप्प बसणार नाहीत, आणि बसूही नयेत.

आता पैशाकडे येतो, कारण घोटाळा तिथे आहे. लोकांना वाटतं अवकाशाचं सगळं इस्रो बघते. जीएमआरटी इस्रोची नाही. ती पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची, ते केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं, आणि पैसा अणुऊर्जा विभागाचा. पुण्याच्याच आयुका या खगोलशास्त्र संस्थेचा पैसा विद्यापीठ अनुदान आयोगाकडून. बंगळूरची भारतीय ताराभौतिकी संस्था विज्ञान व तंत्रज्ञान विभागाखाली, अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा अवकाश विभागाखाली. आकाश एकच, पण खाती चार. त्यामुळे 'खगोलविज्ञानावर देश किती खर्च करतो' या साध्या प्रश्नाला अर्थसंकल्पात एका ओळीत उत्तर नाही. आणि रेल्वेमार्ग वळवल्याचा खर्च तर पाचव्याच खात्यात, रेल्वेच्या भांडवली खर्चात, विज्ञानाचं नाव न घेता मिसळून जातो.

अवकाश विभागाची तरतूद २०२५–२६ साठी १३,४१६ कोटी. एकूण अर्थसंकल्प ५० लाख कोटींच्या पुढे. म्हणजे शंभर रुपयांतले सव्वीस पैसे, आणि माणशी वर्षाला शहाण्णव रुपये. 'गरीब देशाला हे परवडतं का' या वादाला इतकं उत्तर पुरे. त्याहून महत्त्वाची गोष्ट फेब्रुवारीतल्या बातम्यांत येत नाही. २०२०–२१ ची तरतूद १३,४७९ कोटी होती, सुधारित अंदाजात ती ९,५०० वर आली. ते कोविडचं वर्ष म्हणून सोडून देऊ. पण २०२२–२३ मध्येही १३,७०० कोटींचे साडेदहा हजारांच्या आसपास झाले. जाहीर होणारा आकडा आणि हाती पडणारा आकडा यांत एवढं अंतर असेल, तर कुणी तरी दरवर्षी पुढच्या फेब्रुवारीत मागच्या वर्षाचा रकाना वाचायला हवा. आणि या तरतुदीतही उपग्रह आणि प्रक्षेपक बांधण्याचा, म्हणजे तंत्रज्ञानाचा, वाटा सर्वांत मोठा. निव्वळ विज्ञानाचं शीर्ष त्यापुढे लहान. २०२३ मध्ये चांद्रयान-३ उतरलं तेव्हा ६१५ कोटींत हे झालं याचं कौतुक झालं. पण स्वस्तपणाचं कौतुक करता करता आपण विज्ञानाला कायम स्वस्तातच भागवण्याची सवय लावून घेतो आहोत, असं मला वाटतं.

विज्ञानाची बाजू मांडणारेही इथे एक गल्लत करतात. कुणी विचारलं 'याचा उपयोग काय', की ते हवामानाच्या उपग्रहांकडे बोट दाखवतात. उपग्रहांचा उपयोग खराच. ऑक्टोबर छाटणीनंतर अवेळी पाऊस आला तर डाऊनी या रोगाने द्राक्षाची बाग जाते. फवारणी आज घ्यायची की उद्या, हे ठरवणारा निफाड-दिंडोरीचा बागायतदार उपग्रहाच्या चित्रांवर उभ्या असलेल्या अंदाजाकडे डोळे लावून असतो. पण म्हणूनच त्या उपग्रहांना पैसा मिळतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेल्या इन्सॅट-३डीएसचा सगळा खर्च पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने उचलला. ज्याला गरज, त्याने पैसे भरले. आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या हायड्रोजनला असा गिऱ्हाईक कुठल्याच मंत्रालयात नाही. त्याचा गिऱ्हाईक नागरिक, ज्याला आपण कुठून आलो हे जाणून घ्यायचं आहे. त्या नागरिकाने मागणी केली नाही तर ती करणारं दुसरं कुणी नाही. द्राक्षाच्या अंदाजाचं श्रेय खोडदच्या तबकड्यांना देऊन ही मागणी पुढे सरकत नाही. उलट उद्या कुणी 'हवामानाचं काम तर उपग्रह करतात, मग तबकड्या कशाला' म्हटलं की आपलं तोंड बंद होतं.

मराठी समाजाला खगोलशास्त्राचं प्रेम नाही असं कोण म्हणेल? २०२१ मध्ये नाशिकला साहित्य संमेलन झालं, तेव्हा अध्यक्षपदी डॉ. जयंत नारळीकर होते. पण वैज्ञानिकाचा गौरव करणं वेगळं आणि वेधशाळेची पाठराखण करणं वेगळं. दुसऱ्या कामात आपण कच्चे आहोत.

इतर देशांनी ही शांतता नियम-कायद्यांत लिहून ठेवली. अमेरिकेने ग्रीन बँकभोवती १९५८ मध्येच राष्ट्रीय रेडिओ शांतता क्षेत्र आखलं. दक्षिण आफ्रिकेने २००७ मध्ये खगोलशास्त्रासाठी सोयीच्या भूभागांचं रक्षण करणारा कायदा केला, आणि आज तिथल्या कारूच्या माळावर स्क्वेअर किलोमीटर ॲरे या जागतिक दुर्बिणीचा एक भाग उभा राहतो आहे. तिच्यात भारत भागीदार आहे. त्यासाठी आपण १,२५० कोटी मंजूर केले. परक्या माळावरच्या शांततेसाठी रीतसर तरतूद आणि आपल्या माळावरच्या शांततेची किंमत कुणी भरायची ते अधांतरी, हे बरोबर नाही. संसदेने खास याच कामासाठी केलेला कायदा आपल्याकडे हवा आणि त्यात भरपाईचं कलम हवं: संरक्षित क्षेत्रामुळे एखादा सार्वजनिक प्रकल्प महागला किंवा वळवावा लागला, तर वाढीव खर्च विज्ञानाच्या खात्यातून, जाहीर आकड्यासह द्यायचा.

हे घडवायचं तर कुठे जायचं? मोर्चे निघताहेत ते रेल्वेसाठी. पण संसदेत हा प्रश्न दोन टेबलांवर विभागला गेला आहे. रेल्वेच्या मागण्या रेल्वेच्या स्थायी समितीकडे जातात. अवकाश, अणुऊर्जा, पृथ्वी विज्ञान, विज्ञान व तंत्रज्ञान हे सगळे विभाग राज्यसभेच्या अखत्यारीतल्या एकाच विज्ञानविषयक स्थायी समितीकडे. अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला मांडला की मधल्या सुट्टीत या समित्या अनुदानाच्या मागण्या तपासतात आणि मार्चमध्ये अहवाल देतात. म्हणजे निवेदन द्यायचं तर जानेवारीअखेर समितीच्या सदस्यांच्या हातात पडलं पाहिजे. एप्रिलमध्ये दिलेलं निवेदन पुढच्या वर्षाच्या फायलीत जातं. लोकसभेत प्रश्न विचारायला खासदाराला किमान पंधरा दिवस आधी नोटीस द्यावी लागते. तारांकित प्रश्न दिवसाला वीसच, आणि तोंडी उत्तराची वेळ त्यातल्या थोड्यांवरच येते. त्यामुळे अतारांकित प्रश्न विचारलेला बरा: उत्तर लेखी येतं, आकडे द्यावे लागतात आणि ते कायमचं नोंदीवर राहतं. नाशिक, शिर्डी, शिरूर या तिन्ही मतदारसंघांच्या खासदारांनी एकाच अधिवेशनात रेल्वे आणि अणुऊर्जा या दोन्ही खात्यांना हेच विचारावं: नारायणगाव मार्ग आणि पर्यायी मार्ग यांच्या खर्चात आणि प्रवासवेळेत फरक किती, बोगद्याचा पर्याय तपासला का, तपासला असेल तर रेडिओ गोंगाटाचं मोजमाप कुणी, कधी, कुठल्या वारंवारतांना केलं, आणि वाढीव खर्च कुठल्या लेखाशीर्षाखाली दाखवणार. प्रश्न ढोबळ ठेवला तर 'पर्यायी मार्गाचा अभ्यास सुरू आहे' असं एका ओळीचं उत्तर येतं. आकडा मागितला की फाईल उघडावी लागते.

शास्त्रज्ञांकडेही मागणी आहे. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला मोठं विज्ञान प्रदर्शन भरतं आणि दुर्बीण लोकांसाठी खुली होते. जुन्नर-आंबेगावच्या शाळा तिथे येतात ही चांगलीच गोष्ट. पण ज्यांच्या रेल्वेवर दुर्बिणीचा परिणाम होतो ते सिन्नर-संगमनेर-नाशिकचे लोक तिथे कमी असतात. मोजमापाचे आलेख घेऊन संस्थेने नाशिकरोडला यावं, रेल्वेच्या विद्युत अभियंत्यांसमोर मांडावं, आणि अवघड प्रश्न झेलावेत. शांतता मागणाऱ्याने ती का हवी हे समजावून सांगायला स्वतः यायला हवं.

आणि हा वाद नारायणगावला संपत नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी मंजूर झाले. प्रत्येकी चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीतला फरक मोजायचा तो प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी बारीक. तिला रेडिओ शांतता पुरणार नाही, तिला जमीन स्थिर हवी. खडी फोडणारे क्रशर, अवजड वाहनांचे रस्ते, रेल्वे, सुरुंग, सगळ्यांचा प्रश्न तिथे उठणार आहे. मराठवाड्यातल्या गावांना तेव्हा 'तुमची खाण बंद करा, तुमचा रस्ता वळवा' असं सांगण्याआधी खर्चाचं आणि भरपाईचं कलम कायद्यात आलेलं असलं पाहिजे, आणि त्याचा पहिला मसुदा पुणे–नाशिक मार्गाच्या आकड्यांवरच लिहिता येईल.